भंगारातल्या टर्बोवर घरचं जेट इंजिन: तीन नगांपैकी कुठला उचलावा?

भाता (प्रश्न)

ट्रकच्या जुन्या टर्बोला (एका शाफ्टवर दोन चाकं: गॅसने फिरणारं टर्बाइन आणि हवा दाबणारं कॉम्प्रेसर) बाहेरून ज्वलनकक्ष जोडून लोखंडी घोडीवर चालणारं जेट इंजिन करायचं आहे. उडवायचं काही नाही. घोडीवर चालावं, जोर किलोत मोजता यावा, दाब आणि तापमान लिहून ठेवता यावं एवढंच. लेथ, टिग वेल्डिंग आणि पत्र्याचं काम हाताशी आहे. अडलंय टर्बोच्या निवडीवर.

कुर्ल्याचा भंगार बाजार आणि पुण्यातला मंगळवार पेठेतला जुना बाजार पालथा घालून तीन नग बाजूला काढून ठेवायला सांगितलेत. व्हर्नियरने घेतलेली मापं देतो. कॉम्प्रेसरच्या चाकाचा जिथून हवा आत शिरते तो व्यास म्हणजे 'तोंड', आणि चाकाचा सर्वांत मोठा व्यास म्हणजे 'घेर'.

पहिला, २.२ लिटर डिझेल एसयूव्हीचा. तोंड ३८ मिमी, घेर ५० मिमी. व्हीजीटी आहे, म्हणजे टर्बाइनकडे जाणारा गॅस कमी-जास्त वळवणारी हलती पाती आत आहेत, आणि ती काजळीने जाम झालीत.

दुसरा होल्सेट एचएक्स ३५ जातीचा, कमिन्स ६बीटी इंजिनच्या टाटा ट्रकवरून उतरवलेला. तोंड ५४, घेर ७८. टर्बाइनचं चाक ७० मिमी, गॅस बाहेर पडतो तिथे ६०. टर्बाइन हाउसिंगचं (चाकाभोवतीच्या ओतीव घराचं) तोंड दोन कप्प्यांचं, वेस्टगेट (जादा गॅस टर्बाइनला टाळून सोडणारी झडप) आहे, अंगावर १२ आकडा ओतलेला. त्याच दुकानात १८ आकड्याचं, वेस्टगेट नसलेलं सुटं हाउसिंगही पडलंय.

तिसरा जनरेटरच्या १४ लिटर कमिन्सवरचा. तोंड ७६, घेर १०५. वेस्टगेट नाही. दिसायला तिघांत सगळ्यांत स्वच्छ.

भावात फारसं अंतर नाही. मन तिसऱ्याकडे ओढतंय, कारण मोठा म्हणजे जोर जास्त. चूक होतेय का? आणि दुकानात उभ्या उभ्या नेमकं काय तपासायचं?

लेथवाला

पहिला सोडून द्या. पाती मोकळी करता येतील, पण मग ती कुठल्या कोनात पक्की करायची हा नवा प्रश्न. शिवाय ती पाती आणि त्यांची कडी सतत ७०० अंशांत राहण्यासाठी केलेली नाहीत. गाडीत तेवढं तापमान चढावर काही वेळ येतं, तुमच्या घोडीवर ते पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत असणार.

आता 'मोठा म्हणजे जोर जास्त' हे आकड्यांत बघू. तोंडाचं क्षेत्रफळ काढा, मधल्या बुंध्याचे दहा-बारा टक्के वजा करा, आणि हवा तिथून सेकंदाला साधारण ११० मीटर वेगाने शिरते असं धरा. पहिल्या नगात सेकंदाला ०.१२ किलो हवा येते, दुसऱ्यात ०.२५ आणि तिसऱ्यात ०.५.

कॉम्प्रेसरने दाब २.२ पट केला आणि टर्बाइनच्या तोंडाशी ७२५ अंश सेल्सिअस ठेवले, तर जुन्या टर्बोच्या कार्यक्षमता धरून (कॉम्प्रेसर ७४ टक्के, टर्बाइन ७०) मागून गॅस सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेगाने निघतो. म्हणजे दर ०.१ किलो हवेमागे ३० न्यूटन, सुमारे ३ किलो जोर. दुसरा नग साडेसात किलोच्या घरात जाईल, तिसरा पंधराच्या. इंटरनेटवर एचएक्स ३५ ला वीस-पंचवीस किलो लावणारे लोक एकतर काटा चुकीचा लावतात किंवा तापमान लिहीत नाहीत.

पण जोरासोबत बाकी सगळंही दुप्पट होतं. याच हिशेबाने इंधन हवेच्या वजनाच्या पावणेदोन टक्के लागतं. दुसऱ्या नगाला तासाला १६ किलो, म्हणजे २० लिटर रॉकेल. तिसऱ्याला ४० लिटर. दुसरा नग पानं उडवायच्या चांगल्या ब्लोअरने सुरू होतो. तिसऱ्याचं जड चाक तेवढ्या हवेत आळसटून फिरतं, गॅस पेटतो पण वेग पकडत नाही आणि तोवर टर्बाइन लाल होते. बहुतेक पहिली इंजिनं चालताना नाही, अशा रेंगाळलेल्या सुरुवातीत जळतात.

ज्वलनकक्षाचा आकारही टर्बोच्या तोंडावरूनच ठरतो. नेहमीचा ठोकताळा असा: फ्लेम ट्यूबचा (ज्योत जळते त्या आतल्या भोकांच्या नळीचा) व्यास तोंडाच्या दुप्पट, लांबी सहापट. ५४ साठी १०८ मिमी व्यास, ३२४ लांबी. बाहेरचं कवच ६ इंची पाईपचं चालतं. ७६ साठी १५२ आणि ४५६, आणि कवच आठ इंचांच्या पुढे. एवढा पाईप, त्याच्या फ्लँजेस, ती घोडी, सगळ्याचं वजन काढून बघा.

फ्लेम ट्यूबच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाएवढं ठेवतात. ५४ चं क्षेत्रफळ २,२९० चौ. मिमी. त्यातले ३० टक्के ज्योत धरणाऱ्या पहिल्या भागात, २० टक्के मधे, ५० टक्के शेवटी गॅस थंड करायला. म्हणजे ५ मिमीची ३५, मग ८ मिमीची ९, मग १२ मिमीची १० भोकं. इंजेक्टरच्या टोकाला सगळ्यांत बारीक, टर्बाइनच्या टोकाला सगळ्यांत मोठी. हे उलटं लागलेलंही पाहायला मिळतं, तेव्हा ज्वाला थेट टर्बाइनमध्ये शिरते.

थोडक्यात, दुसरा. तो हात बसवायला मोठा आहे आणि चुकलं तर परवडेल इतका लहान.

अर्धा मिलिमीटर

वरचं निवडीचं गणित मान्य, पण ते नग धडधाकट असेल तरच. दुकानात जाताना टॉर्च, व्हर्नियर, छोटं चुंबक आणि चुंबकी बैठकीचा डायल गेज (मिमीच्या शंभराव्या भागापर्यंतची हालचाल काट्याने दाखवणारा) एवढं न्या. डायल काढल्यावर दुकानदार चमत्कारिक नजरेने बघेल, बघू द्या.

आधी शाफ्ट पुढे-मागे ओढा, म्हणजे अक्षाच्या दिशेने. बोटाला 'टक्' असं स्पष्ट लागलं तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टचा पुढे-मागे रेटा पेलणारं) गेलंय. डायलवर ०.०३ ते ०.१ मिमी येणं ठीक. याहून जास्त असेल तर जेटमध्ये ते फार लवकर वाढतं, कारण इथे इंजिन पूर्ण वेळ दाबाखाली असतं, गाडीसारखा विसावा नसतो. मग चाक पुढे सरकून हाउसिंगला घासतं.

आडव्या हालचालीला मात्र घाबरू नका. निम्मे लोक इथेच चांगला टर्बो टाकून देतात. या टर्बोंत तरंगते बुश (शाफ्टभोवतीच्या धातूच्या नळ्या) असतात. बुश हाउसिंगमध्ये सैल, शाफ्ट बुशमध्ये सैल, आणि दोन्ही फटींत तेल भरल्यावरच शाफ्ट मध्यावर येतो. तेल नसताना कॉम्प्रेसरच्या नाकापाशी (चाकाच्या पुढच्या टोकाशी) डायल ०.३ ते ०.५ दाखवेल आणि तो निरोगी असेल. खरी परीक्षा वेगळी: शाफ्ट एका बाजूला दाबून धरा आणि तसाच हळू फिरवा. दोन्हीकडची चाकं कुठेही घासता कामा नयेत. मग उलट्या बाजूला दाबून पुन्हा.

त्यानंतर नाकावर डायल लावा, शाफ्ट एकाच बाजूला दाबून ठेवा आणि एक पूर्ण फेरा द्या. काटा डुलला तर शाफ्ट वाकलाय. असा टर्बो फुकटातही घेऊ नका.

टॉर्चने कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या पुढच्या कडा बघा. एअर फिल्टर फाटका ठेवून चालवलेल्या ट्रकच्या टर्बोत या कडा वाळूने खाल्लेल्या, खरखरीत असतात. थोडं चालतं, पण कड वळली असेल किंवा पात्याला नख अडेल अशी खाच असेल तर नको. ७८ मिमीचं चाक २.२ पट दाबासाठी मिनिटाला सुमारे ९५,००० फेरे घेतं, आणि तेव्हा त्याची कड सेकंदाला जवळपास ३९० मीटर वेगाने जात असते. त्या वेगाला खाचेतून चीर निघायला निमित्त लागत नाही.

चाकाच्या मागच्या पाठीवर किंवा नाकाच्या नटावर घासून काढलेले चपटे ओरखडे दिसतील. ते दोष नाहीत, तोल साधताना कारखान्यात काढलेलं धातू आहे. भंगारवाले कधीकधी ते 'डॅमेज' म्हणून दाखवून भाव कमी केल्याचं नाटक करतात, घ्या तेवढी सूट.

टर्बाइनची पाती एकेक करून मोजा. टोक तुटलेलं, वाकलेलं किंवा वितळून गोल झालेलं असेल तर नग बाद. चुंबक टर्बाइनच्या चाकाला चिकटायला नको. ते चाक निकेलच्या मिश्रधातूचं असतं आणि पोलादी शाफ्टला जोडलेलं असतं, म्हणून शाफ्टला चिकटेल आणि चाकाला नाही. चाकालाही कडकडून चिकटलं तर कोणीतरी भलताच माल भरलाय. निळसर किंवा तपकिरी रंग आला म्हणून घाबरू नका, पण ड्रेनच्या, म्हणजे तेल बाहेर पडायच्या, भोकात डोकावून बघा. आत डांबरासारखा काळा थर असेल तर तेल जळून बसलंय आणि बुशची भोकं बुजलेली असणार. उघडून साफ केल्याशिवाय चालवायचा नाही.

दोन कप्प्यांच्या हाउसिंगमध्ये मधल्या भिंतीला चिरा असतातच, जुन्या डिझेलचं ते कायमचं दुखणं आहे. भिंतीच्या टोकाला केसासारखी चीर चालेल. तुकडा सुटण्याच्या बेतात असेल तर नको, तो सुटून थेट चाकात जातो.

चिमणी

लेथवाला, दुसऱ्या नगाला माझंही मत, पण तुम्ही हाउसिंगचा विषय सोडूनच दिलात आणि इंजिन चालेल की नाही ते तिथेच ठरतं.

होल्सेटच्या हाउसिंगवरचा १२, १४, १६, १८, २२ हा आकडा घशाचं, म्हणजे गॅस चाकाकडे जातो त्या वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेचं, क्षेत्रफळ चौ. सेंमी. मध्ये सांगतो. गॅरेटवर तोच हेतू ए/आर गुणोत्तराने लिहिलेला असतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

१२ चं हाउसिंग ट्रकला हवं असतं, कारण इंजिनच्या कमी फेऱ्यांवर टर्बो लवकर जागा व्हायला हवा आणि जास्त झालं की वेस्टगेट उघडतं. जेटमध्ये सगळी हवा टर्बाइनमधूनच जाणार. तीही तापून फुगलेली, आणि कॉम्प्रेसरने दिलेल्या दाबातून ज्वलनकक्षाने चार-पाच टक्के खाल्लेली. घसा अरुंद असेल तर कॉम्प्रेसरला हवा ढकलायला जागाच उरत नाही. मग तो सर्जमध्ये जातो, म्हणजे हवा उलटी फिरते, तोंडातून 'भक्-भक्' असे ठोके येतात, कधी ज्वालाही पुढे येते. प्रत्येक ठोक्याला थ्रस्ट बेअरिंगवर हातोडा पडतो.

म्हणून ते १८ चं सुटं हाउसिंग सोडू नका. नगाइतकंच ते महत्त्वाचं आहे. पण जुळतंय का ते तिथेच लावून बघा. चाक ७०/६० चं आहे, हाउसिंगची आतली वळणदार बाजूही त्याच चाकासाठी कातलेली हवी. चाक बसवून सगळीकडून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ०.४ ते ०.५ मिमी फट सारखी यायला हवी. एका बाजूला ०.२ आणि दुसऱ्या बाजूला ०.८ आली तर बैठक वाकडी आहे. सगळीकडून एक मिमी आली तर ते हाउसिंग मोठ्या चाकाचं आहे आणि कडेवरून निसटणारा गॅस तुमची टर्बाइन निकामी करेल. लेथवर चालेल असं वाटून आतलं वळण कातायला जाऊ नका, ते वळण पात्याच्या कडेला समांतर यायला लागतं.

१८ चं जुळलं नाहीच आणि १२ वरच चालवायचं ठरलं, तर वेस्टगेट बंद करावं लागेल. झडपेभोवती थेट वेल्डिंग मारू नका. ओतीव लोखंड थंड होताना शेजारीच तडकतं. झडप तिच्या बैठकीवर घट्ट बसवा आणि बाहेरच्या दांड्याला पट्टी लावून बोल्टने जखडा. काजळीने बैठक खराब झाली असेल तर घासून घ्या. तिथून गॅस निसटला की टर्बाइनला ताकद कमी मिळते, तुम्ही इंधन वाढवता, तापमान चढतं आणि दाब तिथेच राहतो. लोक मग इंजेक्टर बदलत बसतात.

दोन कप्प्यांच्या तोंडाचा बाऊ करू नका. ज्वलनकक्षाच्या गोल तोंडापासून फ्लँजच्या चौकोनी तोंडापर्यंत येणारा तुकडा निदान १०० मिमी लांब ठेवा आणि दोन्ही कप्प्यांना समोरासमोर गॅस मिळेल असा सरळ आणा. वळण देऊन आणला तर एका कप्प्यात गरम आणि दुसऱ्यात गार गॅस जातो. भिंत एका बाजूने तापून चिरते ती त्यामुळे.

अजून एक. एचएक्स जातीच्या कॉम्प्रेसर हाउसिंगच्या तोंडात चाकाभोवती एक गोल खाच असते. ती सर्ज लांब ठेवण्यासाठीच आहे. तिथे घंटेच्या आकाराचं तोंड बसवताना ती खाच बुजणार नाही हे बघा.

तेलकट हात

टर्बो निवडताना तेलाचा विचार सगळे शेवटी करतात. तेलाची व्यवस्था टर्बोपेक्षा महाग पडते आणि तिच्यासाठी कुठलाही नग सोपा किंवा अवघड ठरतो.

बघायचं असं: तेल आत जायचं भोक आणि ड्रेनचं भोक बरोबर समोरासमोर आहेत का, ड्रेनच्या फ्लँजचे आटे शाबूत आहेत का, आणि ड्रेनचा मार्ग मोठा आहे का. तेल बाहेर येतं ते फेसाळून, निव्वळ वजनाने. त्याला मागून कोणी ढकलत नाही. पाईप निदान २५ मिमी आतून, उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आत, कुठेही पोट पडू न देता थेट टाकीत, आणि टाकीत तेलाच्या पातळीच्या वर सुटलेला. बागेची अर्धा इंची नळी लावणारे तेल दोन्ही चाकांकडून गळतं म्हणून सील बदलतात. सील बरोबर असतं, तेल तुंबलेलं असतं.

सीलवरून आठवलं. टर्बोत रबरी सील नसतं, पिस्टनसारखी रिंग असते. हवेचा आणि गॅसचा दाब बाहेरून असेल तरच ती तेल अडवते. त्यामुळे शाफ्ट थांबलेला असताना पाच मिनिटं पंप चालू ठेवला तर टर्बाइनमध्ये तेल साचणारच, आणि सुरू करताना पांढऱ्या धुराचा लोट निघेल. दुकानात टर्बाइनच्या बाजूला तेलाचा ओलेपणा दिसला म्हणून नग नाकारू नका, आडवा पडलेल्या प्रत्येक टर्बोत तो दिसतो.

चालताना तेलाचा दाब ३ ते ४ बार ठेवा. २ च्या खाली इंधन आपोआप तुटेल असा प्रेशर स्विच लावा, माणसाच्या नजरेवर सोडू नका. ५ च्या वर नको, रिंग ओलांडून तेल जातं. प्रवाह मिनिटाला २ ते ४ लिटर. तेल पातळ घ्या, ५डब्ल्यू-३० सारखं. बुशमध्ये जितकं जाड तेल, तितकी सुरुवातीला ओढ. टाकी निदान ५ लिटरची, आणि बाहेर येणारं तेल १०० अंशांच्या वर जाऊ लागलं तर कूलर.

बंद करताना इंधन तोडा, तेल चालू ठेवा आणि ब्लोअरने हवा मारत राहा. टर्बाइनचं तापमान १०० च्या खाली येईपर्यंत दोन्ही थांबवायचं नाही. इथे घाई झाली की तप्त चाकाची उष्णता शाफ्टमधून बुशकडे येते, तिथलं तेल जळून कोळसा होतं. 'अर्धा मिलिमीटर' म्हणतात तो ड्रेनमधला डांबरी थर असाच तयार होतो. बेअरिंग हाउसिंगला पाण्याचे दोन मार्ग असलेला नग मिळाला तर तो आधी उचला, ही काळजी निम्मी होते.

भाता

सगळ्यांचे आभार. तिसऱ्याचा मोह सोडला. दुसऱ्याला डायल लावला. अक्षाच्या दिशेने ०.२२ येतंय, नाकापाशी आडवं ०.४२. कुठेही घासत नाही, काटा डुलत नाही. पाती शाबूत, चुंबक फक्त शाफ्टला धरतो. ड्रेनमध्ये थोडा काळा थर आहे. १८ चं हाउसिंग लावून फीलर घातला, सगळीकडून ०.४५ च्या आसपास.

०.२२ मुळे अडलोय. घ्यावा का? आणि इंधन म्हणून स्वयंपाकाच्या गॅसवर चालवलं तर चालेल का?

अर्धा मिलिमीटर

घ्या, पण तसाच चालवू नका. ०.२२ म्हणजे थ्रस्ट बेअरिंग झिजलंय, बाकी नग चांगला दिसतोय. दुरुस्तीचा संच मिळतो: दोन बुश, थ्रस्ट बेअरिंग, त्याची कॉलर, रिंगा आणि ओ-रिंग. या जातीचा टर्बो आपल्याकडे रस्त्यावर भरपूर असल्याने संच शोधायला फिरावं लागत नाही. दुसरा नग निवडण्याचं हेही एक कारण समजा. घेताना थ्रस्ट बेअरिंग पूर्ण गोलाचं मिळतंय का विचारा. काही संचांत घोड्याच्या नालासारखं, एका बाजूला उघडं असतं. जेटसाठी पूर्ण गोलाचं बरं, टेकायला जागा जास्त.

उघडण्याआधी नट, कॉम्प्रेसरचं चाक आणि शाफ्ट यांवर एका रेषेत खुणा करा आणि जोडताना तसंच जुळवा. बहुतेक टर्बोंच्या नटाचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी दिशा बघा. नट काढताना-आवळताना टर्बाइनच्या टोकाचा षटकोन बॉक्स स्पॅनरमध्ये धरा, चाक हाताने किंवा शिकंज्यात धरू नका. पान्याला आडवा झटका बसला की शाफ्ट वाकतो, म्हणून टी-हँडल आणि मधे युनिव्हर्सल जॉइंट वापरा.

बेअरिंग हाउसिंग डिझेलमध्ये रात्रभर भिजवा, तेलाची भोकं तारेने नव्हे तर नायलॉनच्या ब्रशने साफ करा. ब्रश फिरला की हवा मारा. नवीन बुश शाफ्टवर आणि हाउसिंगमध्ये दोन्हीकडे मोकळा फिरला पाहिजे. जुळवल्यावर पुन्हा डायल. ०.१ च्या आत आलं नाही तर झिजलेली जुनी कॉलर तशीच राहिलीय, संचातली बसवा. मग जवळच्या टर्बो दुरुस्तीवाल्याकडे नेऊन तोल तपासून घ्या. नटाच्या खुणा जुळवल्या असतील तर काम हलकं असतं.

लेथवाला

गॅसचं सांगतो. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर अशा कामाला वापरणं कायद्यात बसत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागेल. आणि तोही पुरणार नाही. तुम्हाला तासाला १५ किलोच्या वर गॅस हवा. वरून वाफ ओढली की सिलिंडर स्वतःच गार पडतो, अंगावर बर्फ धरतो आणि दाब कोसळतो. तो गरम करायच्या भानगडीत अजिबात पडू नका. एलपीजी सुरुवातीला, अर्धा-एक मिनिट, चाक स्वतःच्या बळावर फिरू लागेपर्यंत ठेवा. पुढे रॉकेल किंवा डिझेल, दाबाच्या पंपाने, बारीक फवारा देणाऱ्या नोझलमधून. रॉकेल खुल्या बाजारातलं पांढरं घ्या, रेशनच्या निळ्याच्या वाटेला जाऊ नका.

मापक कुठे लावायचे ते टर्बो जोडण्याआधीच ठरवा. मागून भोकं पाडली की पत्र्याचा कीस चाकात जातो. कॉम्प्रेसरच्या बाहेर दाबाचा गेज, ज्वलनकक्षाच्या शेवटी आणखी एक. दोघांतला फरक पाच-सहा टक्क्यांवर गेला तर भोकं कमी पडतायत. टर्बाइनच्या मागे के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार). तिथे ६३५ दिसलं की टर्बाइनच्या पुढे ७२५ आहेत असं धरा, आणि ६५० ला इंधन कमी करायचं हे हाताला ठरवून द्या.

मागचं नोझल (गॅस बाहेर पडायचं निमुळतं तोंड) पहिल्या दिवशी लावू नका. ६५ मिमीचा सरळ पाईप ठेवा. इंजिन हातात आल्यावर दोन-दोन मिमीने लहान करत या. या टर्बोला माझ्या हिशेबाने ५१-५२ मिमीवर थांबायला हवं. त्याआधीच भक्-भक् सुरू झालं किंवा तापमान चढलं तर एक पायरी मागे.

चिमणी

नोझलचा ५२ चा आकडा १८ च्या हाउसिंगसाठी धरा. १२ लावलं तर हवा कमी जाते, आणि त्याच नोझलवर मागचा दाब तयारच होणार नाही.

कवच शिवून झाल्यावर त्यात पाणी भरून हातपंपाने ४ बार दाब द्या. हवेने चाचणी करू नका. पाण्याच्या चाचणीत शिवण सुटली तर फरशी ओली होते, हवेच्या चाचणीत तोच पत्रा तुमच्याकडे येतो.

घोडी अशी लावा की गेज वाचताना तुम्ही पुढच्या बाजूला तिरके उभे असाल. दोन्ही चाकांच्या सरळ आडव्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. चाक फुटलं तर तुकडे त्याच पट्ट्यात जातात, आणि कॉम्प्रेसरचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं असल्याने त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्या पट्ट्यात ६ मिमीची लोखंडी पाटी वाकवून बसवा. तोंडावर जाळी लावणार असाल तर घंटेच्या कडेपासून निदान एक व्यास पुढे. अगदी तोंडाला चिकटवलेल्या जाळीची तार तुटली की ती पहिल्यांदा कुठे जाते हे सांगायला नको.

भाता

नग आणि १८ चं हाउसिंग दोन्ही घेतले. पूर्ण गोलाच्या थ्रस्टचा संच सांगून ठेवलाय. ड्रेनची फ्लँज बघितली, एका भोकाचे आटे गेलेत. हेलिकॉइल (त्याच मापाचे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवू की पुढच्या मापाचा टॅप मारू?

तेलकट हात

हेलिकॉइल. टॅप मोठा मारलात तर फ्लँजचं भोकही मोठं करावं लागेल, आणि गॅस्केटची कड आधीच चार-पाच मिमीचीच असते. बसवताना भोकाला आरपार जाऊ देऊ नका, आतली बाजू ड्रेनच्या पोकळीत उघडत असेल तर खोली आधी मोजून घ्या. आणि कीस पडू नये म्हणून टॅपला ग्रीस.